बसण्याला रकाना नाही

शंभरची नोट मी पुढं केली आणि आशाताईंनी हात मागं घेतला. घटना म्हणून सांगायची तर एवढीच. ऑगस्ट २०२३ मधला शनिवार होता, मी सांगलीहून दुपारच्या एसटीनं गावी गेलेले, बाहेर भुरभुर, सोप्यात उजेड कमी म्हणून बल्ब लावलेला आणि आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे सरकारच्या आरोग्य योजनेत घरोघर फिरणारी आशा, फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन आईसमोर चटईवर बसलेल्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा तो फॉर्म, बीपी-शुगरचा धोका कुणाला आहे ते हुडकायचा. कमरेला टेप लावून माप घेतलं तेव्हा आई लाजली, मिसरी लावता का विचारल्यावर माझ्याकडं बघत "आता कमी केलीया" म्हणाली, आई-वडिलांना शुगर होती का, खोकला किती दिवस, चूल का गॅस, असं सगळं भराभर चाललेलं. मी आत चहा टाकत होते. शेवटी त्या फॉर्मवर दोन प्रश्न असतात मनाचे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही, आनंद वाटत नाही, असं किती वेळा झालं? आणि उदास, निराश वाटतंय असं किती वेळा? उत्तरं चारच, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन मार्क. आशाताईंनी पहिला प्रश्न आपल्या भाषेत करून विचारला, "काकू, कशात जीव लागत न्हाई असं हुतंय का वो कधी?" आणि आई म्हणाली, "रोजच की गं."

चहा उतू गेला तरी मी गॅसपाशी तशीच उभी.

कारण मला हे माहीत नव्हतं. मी दर शनिवारी जायचे, औषधं बघायचे, डाळ-तांदूळ बघायचे, लाइट बिल भरायचे, आणि "बरी हाईस न्हवं?" असं विचारायचे, ज्याला "व्हय" याशिवाय उत्तरच नसतं. आशाताईंनी पेन खाली ठेवलं. मोबाइल फरशीवर पालथा घातला. आणि मग तासभर, तासाच्या वरच, त्या काही बोलल्या नाहीत जवळजवळ. सल्ला नाही, देवाचं नाव घ्या नाही, सगळ्यांचंच असतं काकू असंही नाही. फक्त मधनंमधनं "मग?" म्हणायच्या. आई थांबली की "मग?" तो पालथा मोबाइल फरशीवर घुर्र घुर्र करत सरकत होता, कुणाचातरी फोन परत परत येत होता, त्यांनी एकदाही उचलला नाही. आई पुराबद्दल बोलली, आप्पा गेल्यानंतरच्या रात्रींबद्दल बोलली, पहाटे तीनला जाग येते आणि मग भिंतीकडं बघत पडते ते बोलली. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि आत जायचं धाडस होईना. शेवटी त्यांनी सोमवारी उपकेंद्रात यायला सांगितलं, तिथल्या आरोग्य अधिकारी, सीएचओ मॅडमशी बोलते म्हणाल्या, कॅलेंडरच्या कोपऱ्यात १४४१६ असा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर लिहिला, "रातीबी लागतोय काकू, मराठीत बोलत्यात" म्हणाल्या आणि उठल्या. त्या चप्पल घालत असताना मी पर्समधनं ती नोट काढली.

"नगं ताई. तुमच्याकडनं नगं." आवाजात राग नव्हता. "ह्ये काम सरकारचं हाय, त्यांनी द्याला पायजे."

मी पतसंस्थेत आहे, आकडे मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्या रात्री मी त्या फॉर्मचा रेट हुडकला. एका माणसाचा फॉर्म भरायचे दहा रुपये. आईनं दोन्ही प्रश्नांना "नाही गं बाई" म्हटलं असतं तरी दहा, आणि आई तासभर रडली तरी दहाच. दुसरी बाई त्या तासात पाच घरं करून गेली असती. म्हणजे रेट असा लावलाय की उत्तर "रोजच" आलं की विचारणाऱ्याचं नुकसान. हे मला एवढं विचित्र वाटलं की मी उठून बसले. आणि नोटेची लाजही तेव्हाच वाटायला लागली. एका बाईनं माझ्या आईला मी चार वर्षांत दिला नाही तेवढा वेळ दिला, आणि मी त्याची बक्षिसी करून टाकली.

हा हिशोब मला नवा नव्हता, आमच्या घरात तो लहानपणापासून ऐकलाय. आप्पा माधवनगरला यंत्रमागाच्या शेडमध्ये होते. भिलवडी स्टेशनवरनं पॅसेंजरनं जायचे, दोन पाळ्यांत, घरी आले तरी मागांच्या आवाजानं मोठ्यानं बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत. मजुरी मीटरवर. जेवढं कापड उतरलं तेवढे पैसे. आणि धागा तुटतो. सूत हलकं असलं, हवा कोरडी असली की जास्तच तुटतो. तुटला की माग थांबवायचा, दोन टोकं हुडकायची, बोटांनी गाठ मारायची, ती गाठ इतकी बारीक पाहिजे की कापडात दिसता कामा नये. आप्पांची बोटं त्यात तयार होती, अंगठ्याजवळची कातडी गुळगुळीत झालेली. पण गाठ मारायचा वेळ मीटरमध्ये येत नाही. आप्पा म्हणायचे, कापड विणतो त्याचं मिळतंय, जोडतो त्याचं कोण देतंय? आई घरात मागाच्या सुताच्या कांड्या भरायची, तेही नगावरच, त्यामुळं आईला नगावरच्या कामाची घाई काय असते ते पक्कं ठाऊक. तिनं दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मला आपणहून सांगितलं, "माझ्यापाय तिची लई घरं बुडली काल." मनातलं सगळं बोलून हलकी झालेली बाई दुसऱ्याच दिवशी ते बोलल्याबद्दल ओशाळत होती.

आमच्या घरात मनाबद्दल बोलायचं नाही याला कारण आत्ती. आप्पांची धाकटी बहीण. मी दुसरी-तिसरीत असेन, तिला रत्नागिरीला नेलं. राज्यात तेव्हा अशी चारच सरकारी मनोरुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि आमच्याकडच्या लोकांना रत्नागिरी, त्यामुळं आमच्या भागात "हिला रत्नागिरीला न्यायला पायजे" ही आजही शिवी आहे. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, एसटीत मला उलटी झालेली आठवते, आणि आत्ती खिडकीशी शांत बसलेली, जणू ट्रिपला चाललोय. तिथलं मला एकच चित्र नीट आठवतं. निळसर साडीतली एक अटेंडंट बाई पायरीवर बसून आत्तीचे केस विंचरत होती. आत्तीच्या केसांत गुंता झालेला, घरात कुणी हात लावू शकत नव्हतं, ती ओरडायची. ही बाई एकेक बट हातात धरून, मुळाशी घट्ट पकडून, टोकाकडनं सोडवत होती, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. आम्ही कागदपत्रं करून, डॉक्टरांना भेटून परत आलो तरी ती अजून विंचरतच होती. आप्पा परतीच्या गाडीत म्हणाले, पगारी बाई आहे, तिला घाई नाही. ते वाक्य मला तेव्हा कोरडं वाटलं होतं. आपली आत्ती आणि हे पगाराचं काय बोलतायत. मागावर आयुष्य काढलेल्या माणसानं ते किती कळवळून म्हटलं होतं हे समजायला मला पस्तीस वर्षं लागली.

त्या पायरीवरच्या बाईला महिन्याचा पगार होता, रजा होती, निवृत्तीनंतर पेन्शन होती. तिच्यासारख्या कितीतरी बायकांनी त्यासाठी कधीतरी निवेदनं दिली असतील, गेटवर बसल्या असतील. ते केस विंचरणं त्या लढाईतनं आलेलं होतं असं मला आता वाटतं.

आणि आता हेच काम गावात आलंय. दूरच्या दवाखान्यात नेऊन ठेवण्यापेक्षा माणसाला त्याच्या घरात, त्याच्या गल्लीत सांभाळायचं, हे धोरण चांगलंच आहे, २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदाही तेच म्हणतो. आत्तीला हे मिळालं असतं तर, असं माझ्या मनात नेहमी येतं. पण गावात आणलं म्हणजे कुणाच्या अंगावर घातलं? २००५ ला आशा आल्या त्या बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत, लसीकरण व्हावं म्हणून. हजार लोकवस्तीला एक. मग टीबी आला, कुष्ठरोग आला, शुगर-बीपी आलं, कार्डं काढणं आलं, आता मन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गावातल्या गरोदर बायकांची यादी आशाताईंच्या ब्लाउजमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, त्यांचं स्वतःचं घर पत्र्यापर्यंत पाण्यात. पुरातनं माणसं काढताना ब्रह्मनाळची बोट उलटली, माणसं बुडाली, त्या दिवसापासून आई नदीकडं तोंड करून बसत नाही. नंतर मार्च २०२० ला इस्लामपुरात पेशंट सापडले आणि ह्याच बायका दारोदार. केंद्रानं त्या कामाचे दिले महिन्याला हजार रुपये. लोकांनी दारं लावून घेतली, काहींनी अंगावर पाणी फेकलं. पूर आणि कोरोना ह्या दोन्हींनी आईच्या मनाचं जे व्हायचं ते झालं, पण त्या दोन्हींत बाहेर फिरणाऱ्या बाईच्या मनाचं काय झालं असेल, हे कुठल्या फॉर्मवर आहे?

शब्दाची पण गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. शाळेतल्या मास्तरला वेतन, अंगणवाडीताईला मानधन, आशाला मोबदला. मान द्यायचा, धन जरा बाजूलाच. आणि पदाचं नाव स्वयंसेविका. स्वयंसेवा करणारीनं पगार मागितला की ती आपोआप लोभी ठरते, हे त्या नावातच शिवून टाकलंय. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं सांगितलं होतं की योजनेवर काम करणाऱ्या या बायकांना कामगार म्हणा, किमान वेतन द्या, पेन्शन द्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे म्हणून निकाल दिला, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आशाताईंनी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता, मीही त्याला हात जोडलेली इमोजी टाकलेली. सगळ्यांनीच टाकलेली.

१८ ऑक्टोबर २०२३ ला आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांचा राज्यभर संप सुरू झाला आणि, खरं ते लिहिते, मला राग आला. आईची गोळी सुरू होऊन महिनाच झालेला. सांगलीला सिव्हिलमध्ये दाखवलं होतं, डॉक्टर म्हणाले नेमानं घ्यायची, मधे सोडायची नाही, आणि हे नेम सांभाळायचं काम आशाताई करत होत्या, दर दोन-तीन दिवसांनी दारात येऊन "घेतली का काकू?" एवढंच. त्याचा फॉर्म नाही, दहा रुपयेही नाहीत. ते बंद झालं. आईनं आठ दिवस गोळी घेतली नाही आणि मला सांगितलंही नाही. मी शनिवारी पाकीट मोजलं तेव्हा कळलं आणि मी चिडून बोलले, की ज्यांचं असं जिवाशी खेळणारं काम आहे त्यांनी संप करू नये. आई खाटेवर पाय हलवत बसलेली. म्हणाली, "आप्पा संपावर हुते तवा यापारीबी असंच म्हणत हुता. कापूड आडलंय म्हणून." मग थोड्या वेळानं, "आडल्याबिगर कळतंय कुणाला."

त्यानंतरच्या आठवड्यात कामासाठी सांगलीत विजयनगरकडं गेले होते, तिथं रस्त्याकडेला त्या बसलेल्या. शे-दोनशे बायका, हिरवी ताडपत्री, ऊन, एकमेकींच्या पदराच्या सावल्या. कडेला चपलांची रांग, सगळ्या चपलांच्या टाचा एकाच बाजूनं झिजलेल्या, ते बघून मी थबकलेच, चालणाऱ्या बायकांच्या चपला तशाच झिजतात. "कोण म्हणतं देत नाही" झाल्यावर "घेतल्याशिवाय राहत नाही" असा गलका उठायचा आणि लगेच कुणीतरी भडंगाची पिशवी पुढं सरकवायची. मी आमच्या आशाताईंना हुडकलं. त्या मागच्या बाजूला एका तरुण मुलीजवळ बसलेल्या. ती पलीकडच्या तालुक्यातली, नुकतीच लागलेली आशा, तिच्या हद्दीतल्या एका पोरीनं औषध पिलेलं, शेतात मारायचं, आणि त्या घरात ही दोन दिवस आधी फॉर्म भरून आलेली. प्रश्न विचारले होते. पोरगी "नाही" म्हणाली होती. ही पुढच्या घराकडं गेली. आता हिला झोप नाही. "मी जरा बसले असते तर," एवढंच ती परत परत म्हणत होती. आणि आमच्या आशाताई तिथं, त्या गलक्यात, ताडपत्रीवर, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "मग?"

मी बराच वेळ तिथं उभी राहिले. संप म्हणजे घोषणा, निवेदन, फोटो, एवढंच मला माहीत. तिथं जी ती कुणाजवळ तरी बसलेली दिसली. एरवी ह्या बायका एकेकट्या आपापल्या गावात फिरतात, महिन्याच्या मीटिंगला भेटतात ती टार्गेटं ऐकायला. एकीचं ऐकून घ्यायला दुसरीला वेळ मिळतो तो इथंच. युनियनच्या एक वयस्कर बाई माइकवर मागण्या वाचत होत्या, कामगाराचा दर्जा, किमान वेतन, ऑनलाइन कामाची सक्ती नको. मला त्यातली वेतनाची मागणी त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली. मी तोवर समजत होते, रक्कम वाढवून मागतात. पण दहाचे वीस केले तरी बाईला पुढच्या घराकडं पळायलाच लागणार. महिन्याचं ठरलेलं वेतन मागणं म्हणजे जिथं बसायची गरज आहे तिथं बसायची मोकळीक मागणं. माझ्या आईला जो तास मिळाला तो आशाताईंनी पदरचा दिला होता, आणि त्या पोरीच्या घरात तो द्यायला त्या नवख्या मुलीच्या पदरी नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर सात हजारांच्या वाढीचं आश्वासन मिळालं, संप मागं घेतला, आईची गोळी परत सुरू झाली. पण निर्णयाचा कागद निघेना. जानेवारीत परत संप, फेब्रुवारीत मुंबईत आझाद मैदान. ह्या वेळेला आईनंच मला फोन करून बोलावलं, शेंगदाण्याची चटणी कुटली, धपाटे केले, फडक्यात बांधले. आशाताई रात्रीच्या महालक्ष्मीनं जाणार होत्या. आईनं त्यांना विचारलं, "तितं रातीचं झोपतासा कुटं? बाथरूमला कुटं जातासा?" आणि त्या सांगायला लागल्या, आणि आई ऐकायला लागली. निघताना त्यांनी पिशवीतनं पावतीपुस्तक काढलं, बिचकत, की ताई, प्रवासाला निधी गोळा करतोय, जमलं तर. मी शंभरची नोट दिली. त्यांनी घेतली, कार्बन नीट लावला, आईचं नाव लिहिलं, माझं नाही, आणि पावती फाडून आईच्या हातात दिली. आईनं ती गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवलीय. आप्पांच्या युनियनच्या पावत्या ती अशाच पितळी डब्यात ठेवायची.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं पाच हजारांची वाढ मंजूर केली, नोव्हेंबरपासूनची. सातचे पाच झाले. आनंद झाला, आणि तोंड कडूही झालं, दोन्ही. ठरलेली रक्कम थोडी वाढली, पण नगाचा हिशोब आहे तसाच आहे, दहा रुपयांचा, पाच रुपयांचा, आणि स्वयंसेविका हे नावही. आईशी मधे काही महिने बोलणाऱ्या एक समुपदेशक मॅडम होत्या सरकारी दवाखान्यात, फार चांगल्या, त्याही कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले तेव्हा त्या पण गेल्या. ह्या वेळेला मी चिडले नाही. आईच्या गोळ्यांचं पाकीट आधीच मोजून ठेवलं, संध्याकाळी सातला रोज फोन करायचं ठरवलं, आणि फोनवर "बरी हाईस न्हवं" असं विचारायचं बंद केलं. "आज काय केलंस?" असं विचारते. आई बोलायची थांबली की मला लगेच काहीतरी सांगावंसं वाटतं, उपाय, डॉक्टर, बेदाणे खा, फिरायला जा. ते गिळते. "मग?" म्हणते. जड जातं. पगारी काम कसं असेल हे, रोज, पन्नास घरांत, ते मला त्या एका फोनवर कळतं.

गेल्या शनिवारी मी गेले तेव्हा आशाताई सोप्यातच होत्या. आई आता बरी आहे, पूर्ण नाही, पहाटे तीनची जाग अजून येते, पण उठून दिवा लावून गोधडी शिवत बसते. दोघी गोधडीचा काठ धरून बसलेल्या. फोन वाजला. ह्या वेळेला त्यांनी उचलला. पलीकडनं कुणीतरी आकडे मागत होतं, आत्ताच्या आत्ता, ते मलाही ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "देते की सर, संध्याकाळपातूर देते. आता एका पेशंटजवळ बसलीया."

"मला पेशंट म्हणतीस व्हय गं?" आई म्हणाली.

"मग काय म्हणू?"

आईनं उत्तर दिलं नाही. सुईत दोरा ओवायला तिनं ती त्यांच्याकडं दिली, चष्मा असूनही. मी आत चहा टाकायला गेले, तिघींचा.